आत कोन हाय का?

माझ्या पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली एक लाल कापड आहे. हातभर लांब, एका कडेला उसवलेलं. मधोमध ग्रीसचा डाग आहे, तो कितीही साबण लावला तरी निघाला नाही. ते कापड माझं नाही, बबन आण्णांचं आहे. ते माझ्याकडे कसं आलं हे मी कोणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. त्या कापडापायी आण्णांचं काम गेलं, वीस वर्षांचं नाव गेलं आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मला शाळा चौथीपर्यंतच. बोलणं तर त्याहून कमी. म्हणून लिहिते.

आम्ही परभणीकडून आलो तेव्हा ह्यांना चाकणच्या एका कंपनीत काम मिळालं आणि राहायला जागा मिळाली ती तळेगाव रस्त्यावरच्या एका यार्डात. रस्त्यात बंद पडलेल्या मोठ्या गाड्या, म्हणजे ट्रक, टँकर, बस, ओढून आणायचं ते यार्ड. शेठने आम्हाला एक लोखंडी कंटेनर दिला होता, जहाजातून माल येतो तसला. त्याला एका बाजूने खिडकी कापून गज लावले होते. ह्यांनी सुट्टीला आणि कंपनीतून आल्यावर राखण करायची, ते कामावर असताना मी यार्डावर लक्ष ठेवायचं, सगळ्यांचा चहा करायचा आणि शनिवारी पुसायची फडकी धुवायची, असं ठरलं होतं. यार्डाला उतार होता. फाटक वर आणि आमचा कंटेनर खाली, अगदी टोकाला. भोवती गाड्या उभ्या. खिडकीतून बघितलं की नुसती चाकं दिसायची. पहिले काही महिने मी चाकण गाव बघितलंच नाही. चाकं बघितली.

बबन आण्णा तिथले मिस्त्री. मावळातले. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, खाकी शर्टाचे खिसे कायम फुगलेले. एका खिशात पाने आणि बोल्ट, दुसऱ्यात शेंगदाणे आणि ते लाल कापड. एखादं काम उरकलं की ते उकिडवे बसायचे आणि तोंडाने "फुस्स" असा आवाज करायचे, ट्रकची हवा सुटते तसा. तो आवाज आला की मी चहा ठेवायची.

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी दुपारी आमच्या कंटेनरवर कोणीतरी तीनदा ठोकलं. टक, टक, टक.

"आत कोन हाय का?"

मी पीठ मळत होते. गप्प बसले. परका पुरुष, हे घरी नाहीत, काय बोलायचं? बाहेरून परत आवाज आला. मी श्वास धरून बसले. मग पावलं लांब गेली.

हे घरी आले तेव्हा आण्णांनी त्यांना फाटकातच गाठलं. "काय रं, तुजी बायकू मुकी हाय का?"

"नाही आण्णा. लाजाळू आहे."

"लाजाळू आसंल. पन मला ह्या डब्याशेजारनं गाडी काडायची आस्ती. आत मानूस हाय का न्हाई, मला कळाया नको? बोलायची लाज वाटती तर भांडं वाजव म्हनावं. येकदा वाजवलं की मी समजंन."

दुसऱ्या दिवशी टक टक झाली, "आत कोन हाय का?" झालं. मी उलथनं घेऊन ताटावर एकदा मारलं. ठण्ण. बाहेरून आण्णा म्हणाले, "बास." मग त्यांनी ट्रक काढला.

तेव्हापासून आमचं बोलणं असंच चालायचं. ते ठोकायचे, विचारायचे, मी ताट वाजवायची, ते बास म्हणायचे. माहेरच्या माणसांशीसुद्धा मी इतकं बोलत नसेन.

ते हे फक्त आमच्या कंटेनरलाच करायचे असं नाही. कुठलीही गाडी ओढायच्या आधी तिच्या भोवती एक फेरी मारायची, प्रत्येक चाकावर हात ठेवायचा आणि तीनदा ठोकून आत कोणी आहे का विचारायचं. रिकाम्या टँकरलासुद्धा विचारायचे. क्रेनचा ड्रायव्हर हसायचा. "आण्णा, टँकरमध्ये कोण असणार? तुमची सासू?"

"सासू आस्ती तर ठोकलं नस्तं," आण्णा म्हणायचे.

त्यांच्याकडे बाभळीचे चार ठोकळे होते, चाकाखाली लावायचे. स्वतः तासून केलेले, एका अंगाला उतार असलेले, पांढरा रंग दिलेले. गाडी उभी केली की चार ठोकळे चार ठिकाणी. निघताना मोजायचे, एक, दोन, तीन, चार. कोणी म्हणालं, "मिस्त्री, लेकरं मोजताय का?" की म्हणायचे, "लेकरं आपली आपन घरी येत्यात. ह्यांना कोन आननार?"

एक वाक्य मात्र ते दिवसातून एकदा तरी बोलायचे. गाडी हुबी हाय म्हंजी ती थांबलीया आसं न्हाई.

मला ते काही कळायचं नाही. उभी आहे म्हणजे थांबलीच की.

एकदा एक ट्रकवाला भांबावून यार्डात आला. म्हणाला, "मिस्त्री, हवा गेली, ब्रेक फेल झाला, गाडी जागची हलत नाही."

आण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "ब्रेक फेल झाला आस्ता तर तू हितं आला नस्तास. दवाखान्यात गेला आस्तास. ब्रेक लागलाय."

"हवा गेल्यावर ब्रेक लागेल कसा?"

मी माझ्या दोरीवर कपडे वाळत घालत होते. आण्णांनी दोरीवरचा एक चिमटा काढला. "ह्यो चिमटा बग. ह्याला कोनी सांगावं लागतंय का चाव म्हनून? आत स्प्रिंग हाय, त्यो चावनारच. म्या बोटानं दाबलं का तोंड उघडतंय. ही बोटं म्हंजी हवा. हवा हाय तवर चाक मोकळं. हवा गेली," त्यांनी बोटं सोडली आणि चिमट्याने ट्रकवाल्याची बाही धरली, "का धरलं. आता इंजिन लाव, धा मानसं लाव, न्हाई सुटायचं."

चिमटा बाहीला तसाच ठेवून तो ट्रकवाला आत गेला. मला हसू आलं. आण्णांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. लाजणाऱ्या माणसाकडे कधी बघू नये, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

आम्हाला तिथे वर्ष होत आलं तेव्हा ती घरगाडी आली. घरगाडी हे नाव यार्डातल्या लोकांनी ठेवलं. बसच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच ते. आत पलंग, मोरी, शेगडी, खिडक्यांना पडदे. कुठलंसं कुटुंब ती भाड्याने घेऊन फिरायला निघालं होतं, आणि ऐन सकाळी तळेगाव चौकात तिची हवा गेली. मागची चाकं जागीच बांधली गेली. चाकणचा तो चौक एरवीसुद्धा तुंबलेला असतो, त्यात ही आडवी. तो दिवस ह्यांच्या सुट्टीचा. माणूस कमी होता म्हणून आण्णांनी ह्यांना बरोबर नेलं, म्हणून मला सगळं कळलं.

चौकात हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक ट्रेलरवाला खाली उतरून साखळीच घेऊन आला होता. "मिस्त्री, लावा साखळी, मी ओढतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"साखळीला ब्रेक आस्तो का?" आण्णा म्हणाले. "तू पुढं थांबशील. ही मागनं थांबंल का? तुज्या बोकांडी बसंल."

"अहो, पण चाकं बांधलेलीच आहेत ना?"

"मंग वडनार कशी? टायर फरफटत? आन् मी ती मोकळी केली का तिला ब्रेकच उरनार न्हाई. म्हनून दांडा लागतुया. ताठ दांडा. म्होरला थांबला का मागला बी थांबतुया."

लोक शिव्या द्यायला लागले. पोलीस म्हणाला, कसंही करा पण बाजूला घ्या. आण्णांनी पहिल्यांदा चार ठोकळे लावले. मग बाहेरून हवा भरून बघितली, पण पाइपच फुटला होता, हवा टिकेना. मग ते गाडीखाली गेले. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट खोलून ठेवला, नाहीतर ओढताना गिअरचा डबा जळतो. चाकांपाशी ब्रेकचे दोन गोल डबे असतात, त्यांच्यात लांब बोल्ट घालून ते आवळले. त्याने आतली स्प्रिंग मागे ओढून धरली जाते आणि चाक सुटतं. तास गेला, दीड तास गेला. मग लोखंडी दांडा जोडला, आणि सगळे आता निघालो म्हणून वळले, तर आण्णा घरगाडीच्या अंगावर ठोकायला लागले.

"आत कोन हाय का?"

ड्रायव्हर सांगवीचा तरुण होता. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "काका, सगळे उतरलेत. ते बघा, समोर टपरीवर बसलेत. मी मोजलेत. पाच."

"मी तुला इचारलं का?" असं म्हणून आण्णांनी परत ठोकलं.

आतून कोणीतरी ठोकलं.

पडदा सरकवून बघितलं तर मोरीपाशी एक बाई, हातात घासलेली भांडी. त्या कुटुंबाने बरोबर आणलेली स्वयंपाकाची बाई. सगळे उतरले तेव्हा तिला कोणी उतर म्हणालं नाही, म्हणून ती उतरली नाही. ड्रायव्हरचे पाच बरोबर होते. ही त्यात धरलेली नव्हती.

"उतर, माय," आण्णा म्हणाले. "आत मानूस ठिवून गाडी वडत न्हाई मी."

हे मला सगळं हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. त्या बाईने बोलायच्या ऐवजी ठोकलं, हेच माझ्या डोक्यात राहिलं.

घरगाडी यार्डात आली आणि वरच्या अंगाला उभी राहिली. दोन दिवसांत नवीन पाइप बसला, शाफ्टही चढवला. चाकांचे ते बोल्ट मात्र आण्णा सगळ्यात शेवटी सोडवायचे. शनिवारी सकाळी ते क्रेन घेऊन म्हाळुंग्याला एका टँकरमागे गेले. जाताना क्रेनच्या ड्रायव्हरला म्हणाले, "आल्यावर करतो बाकीचं."

शेठ मला म्हणाला, "ती गाडी आतून पुसून घे. आज न्यायला येणार आहेत."

मी बादली घेऊन आत चढले. इतकं सुंदर घर मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आमच्या कंटेनरपेक्षा मोठं. आणि ते चालत होतं, हेच मला नवल. कुठेही जाऊन उभं राहील आणि पडदा सरकवला की चाकांऐवजी डोंगर दिसेल. मी ओटा पुसला, आरसा पुसला. पलंगावर जरा टेकले. कोणी बघत नाही ना ते बघितलं आणि आडवीसुद्धा झाले, घटकाभरच. मग पुढे गेले, तर स्टेअरिंगला आण्णांचं लाल कापड बांधलेलं. काळंकुट्ट झालेलं. मी ते ओळखलं. दर शनिवारी मीच ते धुवायची. आण्णा विसरले असतील म्हणून गाठ सोडली आणि बादलीत टाकलं.

ते तिथे का बांधलेलं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी कधी कोणाला काही विचारायची नाही.

खाली येऊन फडकी धुतली. लाल कापडाला दोनदा साबण लावला आणि बाहेर ऊन असूनही ते आतल्या दोरीवर टाकलं, उडून जाऊ नये म्हणून. तेवढ्यात वरून शेठचा आवाज आला. सांगवीचा ड्रायव्हर आला होता.

"बबन आलेला नाही अजून. पण बघ, स्टेअरिंगला लाल कापड आहे का?"

"नाही शेठ."

"नीट बघ. कापड असेल तर हात लावायचा नाही."

"नाहीये. काहीच नाहीये."

"मग झालंय त्याचं. घे एक फेरी मारून."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. म्हणजे कापड ही खूण होती. कापड असेल तर हात लावायचा नाही. आणि कापड इथे माझ्यासमोर टपटप गळत होतं. मला कळलं. पूर्ण नाही, पण एवढं कळलं की वर जाऊन सांगायला पाहिजे. डोक्यावरचा पदर सुटलेला, हाताला साबण, आणि वर दोन पुरुष. मी पदर घेतला. हात पुसले. दारापर्यंत गेले. काय म्हणायचं ते मनात जुळवलं. शेठ, कापड मी काढलं. पाच शब्दही नाहीत. ते तोंडात येईपर्यंत वर इंजिन लागलं.

आणि इंजिन लागल्यावर मला वाटलं, चालली की. चालत्येय म्हणजे ठीकच असेल.

पुढचं मला नंतर ह्यांनी समजावलं. पाइप नवा होता, हवा भरली, पायाचा ब्रेक लागत होता. ड्रायव्हरने चाकांखालचे ठोकळे काढून बाजूला टाकले, वरच्या अंगाला फेरी मारली, उतारावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. फुस्स आवाज आला. आवाज आला म्हणून त्याला वाटलं ब्रेक लागला. पण स्प्रिंग अजून बोल्टने मागे धरलेली. चिमट्याच्या तोंडात काडी घालून ठेवली तर बोटं काढली तरी तो चावत नाही, तसं. ड्रायव्हर खाली उतरून सही करायला गेला. गाडी उभी होती. थांबलेली नव्हती.

मी आतून फक्त आरडाओरडा ऐकला. त्यात आण्णांचा आवाज. ते त्याच वेळी फाटकातून आत आले होते. मग लाकूड फुटल्यासारखा आवाज आणि पाठोपाठ दुसरा, दबका. आमच्या दारावर काहीतरी येऊन टेकलं. सगळा कंटेनर हलला, मांडणीवरची भांडी खाली आली. दाराच्या फटीतून येणारा उजेड गेला. दार बाहेर उघडायचं, आता ते तसूभर हलत नव्हतं.

घरगाडीची पाठ आमच्या दाराला लागली होती. आण्णांनी बाजूला पडलेले ठोकळे उचलून पळत जाऊन एक चाकाखाली सारला, तो चिरडला. दुसरा सारला. त्यावर चाक अडलं, पण हात काढायला जरा उशीर झाला. तो ठोकळा बसला नसता तर कंटेनरसकट मी मागच्या कुंपणाच्या भिंतीत गेले असते.

टक, टक, टक.

"पोरी, आत हायेस का?"

ताट माझ्या पायाशी पडलं होतं. उलथनंही. मी वाकले, उलथनं उचललं आणि वर बघितलं तर दोरीवर ते लाल कापड. वाजवलं की ते खिडकीशी येतील. आले की बघतील. मी ताट वाजवलं नाही.

"पोरी! भांडं वाजव!" त्यांचा आवाज फाटला होता. असा मी कधी ऐकला नव्हता.

मी वाजवलं नाही. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण लिहिते. तो माणूस मी मेले का जिवंत आहे ते विचारत होता आणि मी गप्प बसले.

ते खिडकीशी आले. गजातून आत बघितलं. डाव्या हाताला शर्ट गुंडाळलेला, तो लाल होत चाललेला. त्यांनी मला बघितलं. मग दोरीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग मान मागे वळवून ओरडले, "हाय! पोरगी बरी हाय!" आणि उजव्या हाताने खिडकीचं पत्र्याचं झापड ओढून घेतलं.

आत अंधार झाला. मी अंधारात उभी राहून सगळं ऐकलं.

"बबन, कापड कुठाय? कापड का नव्हतं?" शेठ ओरडत होता.

"शेठ, मी दोनदा बघितलं, नव्हतंच," ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

"इसरलो," आण्णा म्हणाले.

"तू? तू विसरलास?"

"व्हय. वय झालं आता."

"अरे, ती बाई मेली असती आत!"

"व्हय," आण्णा म्हणाले. "मेली आस्ती."

पत्र्याच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला ते. बोटभर जाडीचाही पत्रा नाही. एकदा ओरडले असते तरी पुरलं असतं. आण्णांना कोणीतरी मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. क्रेनवाल्याने गाडी ओढून माझं दार मोकळं करायला पुष्कळ वेळ लावला. दार उघडल्यावर मी बाहेर आले नाही. सगळ्यांना वाटलं, घाबरली बिचारी.

शेठने आण्णांना काढलं. विसरणारा मिस्त्री ह्या कामात चालत नाही, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. हे घरी येऊन हळहळले, "वीस वर्षांत एकदा विसरले, आणि त्यात सगळं गेलं." मी भाकरी थापत होते. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मग वाटलं, उद्या सांगेन. आज सांगितलं तर जागा जाईल, कुठे जायचं? एक दिवस गेला, आठवडा गेला. जितकं उशिरा तितकं ते अवघड होत गेलं. आधी कापड काढल्याचं सांगायचं होतं, मग गप्प बसल्याचंही सांगायचं झालं.

महिन्याभराने आण्णा आपली हत्यारं न्यायला आले. हाताला पट्टी. मी आतून त्यांची चाहूल ओळखली. ठोकळे मोजल्याचं ऐकलं. एक, दोन, तीन. चौथा फुटला होता. मग ते खाली आले.

टक, टक, टक. "आत कोन हाय का?"

कापड माझ्या हातात होतं, घडी घातलेलं. त्या महिन्यात मी ते रोज काढून बघायची. दार उघडून द्यायचं, एवढंच. मी दाराशी गेले, आणि तिथूनच हात लांब करून उलथनं ताटावर मारलं. हळूच.

"बास," आण्णा म्हणाले.

दार उघडेपर्यंत ते फाटकाबाहेर गेले होते. खांद्यावर पोतं, पोत्यात तीन ठोकळे. मी हाक मारली नाही.

नंतर आम्हीही ते यार्ड सोडलं. कुरुळीला खोली घेतली, मी एका कंपनीत वायरी बांधायच्या कामाला लागले. सगळ्या बायकाच. कंपनीची बस न्यायला येते. तिथे मी थोडं बोलायला शिकले, हो, नाही, डबा आणला का, एवढं.

गेल्या महिन्यात पहिली शिफ्ट सुटली आणि दुपारी भर रस्त्यात आमची बस थांबली. मागून मोठी फुस्स झाली आणि चाकं जागीच बांधली गेली. सगळ्या बायका कुरकुरत खाली उतरून झाडाच्या सावलीत बसल्या. मीही उठले होते. तेवढ्यात खिडकीतून समोर एक क्रेन येऊन उभी राहिलेली दिसली, आणि तिच्यातून खाकी शर्ट घातलेला माणूस उतरला. आधीपेक्षा वाकलेला. त्याने पोत्यातून ठोकळे काढले आणि चाकांशी लावले. मग बसभोवती चालायला लागला, प्रत्येक चाकावर हात ठेवत.

मी खाली बसले. सगळ्यात मागच्या बाकावर, डोकं खाली घालून. का, ते विचारू नका. मला तेवढंच येतं.

खाली बराच वेळ खडखड झाली. ड्रायव्हरला विचारलेलं ऐकलं, "समद्या उतरल्या?" तो म्हणाला, "समद्या." आण्णा वर चढून पुढे स्टेअरिंगपाशी काहीतरी करून खाली उतरले. मागे बघितलं नाही. मग माझ्या कानाशीच पत्र्यावर ठोकलं. टक, टक, टक.

"आत कोन हाय का?"

मी गप्प.

ते थांबले. तसे ते नेहमीच थांबायचे, उत्तराला वेळ देऊन. मग परत ठोकलं. ह्या वेळी आवाज नीट लागला नाही, डावा हात असावा. तो आवाज ऐकल्यावर माझ्याच्याने राहवेना. पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि बाकाच्या दांड्यावर एकदा मारला.

ठण्ण.

बाहेर काही हललं नाही. मग पावलं दाराकडे गेली, पायरीवर चढली. आण्णा आत आले आणि बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहिले.

"पोरी?"

मी उभी राहिले. मला वाटलं होतं, बोलायची वेळ आली की शब्द शोधावे लागतील. ते कित्येक दिवस तयारच होते.

"आण्णा, ते कापड मी काढलं होतं. धुवायला."

"ठावं हाय."

"मी ताट वाजवलं नाही."

"त्ये बी ठावं हाय." त्यांनी शेंगदाण्यांचा खिसा चाचपला, उगीच. मग म्हणाले, "वाळलं का मंग?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतात. कळलं तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं. मी मान हलवली.

"मंग ठिव तुज्याकडं. ही बग, माजी नवी खूण." त्यांनी पुढच्या काचेकडे बोट केलं. स्टेअरिंगला हिरवं कापड होतं, आणि काचेवर खडूने उलट्यासुलट्या अक्षरांत लिहिलं होतं, ब्रेक न्हाई. "आता खडूनं बी लिवतो. कापड बाया धुयाला नेत्यात."

"आण्णा, मी शेठकडे जाऊन..."

"उतर आधी," आण्णा म्हणाले. "आत मानूस ठिवून गाडी वडत न्हाई मी."

मी उतरले आणि बायकांच्यात जाऊन उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, "अगं, तू आतच होतीस?" मी हो म्हटलं, मोठ्याने.

दांडा जोडलेला होता. क्रेनचा ड्रायव्हर घाई करत होता. आण्णांनी ठोकळे काढले, मोजले. चार होते, चौथा नवा, अजून रंग न दिलेला. मग आत्ताच मला स्वतः उतरवलेलं असूनही ते बसपाशी गेले, आणि तीन बोटांच्या हाताने पत्र्यावर ठोकून त्यांनी विचारलं, "आत कोन हाय का?"

आतून कोणी उत्तर दिलं नाही. आण्णा तरीही थांबले, उत्तर द्यायला एखाद्या लाजऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. मग त्यांनी हात वर केला आणि बस हलली.